फ्लोरिन, बॉल मिल आणि मामाचे दात

आधी एक कबुली देऊन टाकते. के.जी.पासून बारावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लिही, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी चक्क हसले. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा अजूनही गोंधळ उडतो, म्हणून या लेखातले सगळे आकडे अंकांतच लिहिले आहेत. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या रूममेटने तपासले आहेत, तेव्हा चुका सापडल्या तर तिला धरा!

विषय मात्र मी स्वतः निवडला आहे. सध्या आमच्या टी.ई.च्या वर्गात दोनच गोष्टींवर चर्चा चालते: कुठली कंपनी कॅम्पसला येणार आणि पॅकेज किती. अशा वातावरणात मी मेसमध्ये सहज बोलून गेले की मला फ्लोरिनच्या केमिस्ट्रीत आणि कॅटॅलिसिसमध्ये पीएच.डी. करावीशी वाटते. समोरच्या ताटातला घास तसाच राहिला. "फ्लोरिन? ते टूथपेस्टमधलं?" हा पहिला प्रश्न. "बरी आहेस ना?" हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण पहिल्याचं आहे. म्हणून हा लेख.

पहिली ओळख

माझं आजोळ यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. सुट्टीत तिकडे गेलं की मामा आम्हाला बैलगाडीतून फिरवायचा. मामाच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. मी तेव्हा 'ब्रश युअर टीथ ट्वाइस अ डे' पाठ केलेली दुसरीतली शहाणी मुलगी. सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा दातच घासत नाही!" सगळे हसले. मामाही हसला, पण तोंडावर हात धरून. तो अजूनही तसाच हसतो.

बऱ्याच वर्षांनी कळलं की दोष मामाचा नव्हताच, दोष बोअरच्या पाण्याचा होता. त्या भागातल्या काही खडकांतून फ्लोराइड झिरपून भूजलात उतरतं. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. लहानपणी दात तयार होत असताना त्याहून जास्त पोटात गेलं तर दातांचा रंग कायमचा बदलतो आणि प्रमाण फारच असेल तर पुढे हाडंही आखडतात. दात आणि हाडं मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटची बनलेली असतात, आणि फ्लोराइड त्या जाळीत शिरून घट्ट बसतं. थोडं असलं तर दात मजबूत होतात, जास्त झालं तर बिघडतात. कॅल्शियम, फॉस्फेट आणि फ्लोराइड ही तीन नावं लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी पुन्हा भेटणार आहेत.

सगळ्यांशी भांडणारं मूलद्रव्य

पीरिऑडिक टेबलच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात नवव्या नंबरवर बसलेलं फ्लोरिन म्हणजे इलेक्ट्रॉन खेचण्यात वर्गात पहिलं आलेलं पोर. त्याची इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी ३.९८, म्हणजे सर्व मूलद्रव्यांत सर्वाधिक. फ्लोरिन वायूतले दोन अणू एकमेकांना जेमतेम धरून असतात (मोलला साधारण १५८ किलोज्यूल), म्हणून ते पटकन सुटतात आणि समोर येईल त्याच्यावर तुटून पडतात. पण एकदा कार्बनला चिकटले की तो बंध साधारण ४८५ किलोज्यूलचा. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत कार्बनचा एकेरी बंध याहून मजबूत सापडत नाही. म्हणजे सुटं असताना कुणाशी पटत नाही आणि लग्न झालं की घटस्फोट नाही!

या वायूला एकटं पकडण्यासाठी माणसांनी जवळजवळ पाऊणशे वर्षं झटापट केली. 'फ्लोरिन' हे नाव सुचवलं अँपिअर यांनी. हो, आपल्या अ‍ॅमीटरवरचेच अँपिअर. पण नाव ठेवलं तरी बाळ हाती लागेना. हम्फ्री डेव्हींना त्रास झाला, आयर्लंडचे नॉक्स बंधू विषबाधेने आजारी पडले, बेल्जियमचे लुये आणि फ्रान्सचे निकलेस यांचे तर जीव गेले. सगळ्यांची अडचण एकच. फ्लोरिन ज्यातून काढायचं ते हायड्रोजन फ्लोराइडच इतकं जहाल की काचसुद्धा खातं आणि कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं. त्यातून फ्लोरिन सुटलंच तर ते भांड्यालाच लागतं.

शेवटी २६ जून १८८६ रोजी पॅरिसमध्ये आँरी म्वासाँ यांना यश आलं. प्लॅटिनमची यू आकाराची नळी, प्लॅटिनम-इरिडियमचे इलेक्ट्रोड, फ्लोरस्पार खनिजाची बुचं, उणे ५० अंशांच्या आसपास तापमान, आणि कोरड्या हायड्रोजन फ्लोराइडमध्ये पोटॅशियमचा क्षार विरघळवून केलेलं इलेक्ट्रोलिसिस. बाहेर आलेल्या वायूत सिलिकॉन धरलं तर ते आपोआप पेटलं.

पण मला आवडतो तो यानंतरचा किस्सा. अ‍ॅकॅडमीने खातरजमा करायला मोठमोठ्या शास्त्रज्ञांची समिती पाठवली. म्वासाँ यांनी पाहुण्यांसाठी म्हणून हायड्रोजन फ्लोराइड खास, अधिकच शुद्ध करून ठेवलं. प्रयोग सुरू केला आणि काहीच घडेना! एक्स्टर्नलसमोर प्रॅक्टिकल फसणं म्हणजे काय, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक? नंतर त्यांच्या लक्षात आलं की एरवी त्यांच्या नमुन्यात पोटॅशियमच्या क्षाराचा अंश राहायचा आणि त्यामुळेच वीज वाहायची. अति शुद्ध द्रवातून वीज जाईना. त्यांनी क्षार घातला, प्रयोग पुन्हा केला आणि दाखवून दिलं. १९०६ साली त्यांना नोबेल मिळालं. फेब्रुवारी १९०७ मध्ये, म्हणजे दोनच महिन्यांनी, वयाच्या ५४ व्या वर्षी ते गेले.

पण हवंय कशाला?

सकाळपासून मोजा. टूथपेस्टमध्ये फ्लोराइड. मोबाइलच्या लिथियम बॅटरीतल्या क्षारात फ्लोरिन. घरच्या नॉनस्टिक तव्यावर टेफ्लॉन, जे रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये योगायोगाने सापडलं. फ्रिजमधल्या गॅसमध्ये फ्लोरिन. डॉक्टर लिहून देतात त्या सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये फ्लोरिन, आजोबांच्या कोलेस्टेरॉलच्या अ‍ॅटोरव्हास्टॅटिनमध्येही फ्लोरिन. बाजारातल्या औषधांपैकी साधारण पाचातल्या एका औषधात तरी हा अणू असतो.

गंमत अशी की निसर्ग स्वतः याच्या वाटेला फारसा जात नाही. पृथ्वीच्या कवचात फ्लोरिन भरपूर आहे, पण सजीवांनी तयार केलेली, कार्बनला फ्लोरिन जोडलेली संयुगं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कार्बन-फ्लोरिन बंध तयार करणारं एन्झाइम पहिल्यांदा सापडलं ते थेट २००२ साली, स्कॉटलंडमध्ये डेव्हिड ओहॅगन यांच्या गटाला, एका जिवाणूत. म्हणजे औषधांतलं जवळजवळ सगळं फ्लोरिन माणसाने हाताने बसवलेलं आहे.

ते बसवून फायदा काय होतो, ते फ्लुओरोयुरासिलच्या उदाहरणावरून कळतं. १९५७ मध्ये चार्ल्स हायडलबर्गर यांनी अमेरिकेत हे कॅन्सरचं औषध पुढे आणलं. पेशीला डी.एन.ए. बनवण्यासाठी युरासिलच्या एका जागेवरचा हायड्रोजन काढून तिथे दुसरा गट लावावा लागतो. त्या जागी आधीच फ्लोरिन बसवून ठेवलं. आकाराने तो हायड्रोजनपेक्षा फार मोठा नाही, म्हणून एन्झाइम फसतं आणि रेणूला हातात घेतं. पण हायड्रोजन सुटतो तसा फ्लोरिन काही सुटत नाही! एन्झाइम तिथेच अडकून पडतं आणि पेशीची वाढ थांबते. एका अणूच्या फरकाने अन्नासारखा रेणू औषध झाला. आजही तो जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

एस.टी.चा बाक आणि पॅलेडियम

आता खरी अडचण. फ्लोरिन वायू रेणूवर सोडला तर तो सगळीकडे हल्ला करतो. हवा असतो एकच अणू, एकाच जागी. जुने मार्ग होते. १९२७ ची बाल्झ-शिमान रिअ‍ॅक्शन आपण बारावीला घोकली आहेच. पण त्यात तापवल्यावर फुटू शकणारे डायझोनियम क्षार लागतात आणि नाजूक रेणू टिकत नाहीत.

दुसरा पर्याय म्हणजे वायूऐवजी शांत, स्वस्त फ्लोराइड क्षार वापरायचा. पण फ्लोराइडची दोन रूपं आहेत. पाणी मिळालं की ते पाण्याच्या रेणूंना असं बिलगून बसतं की कामाला उठतच नाही. पाणी काढून टाकलं की क्षार द्रावकात विरघळत नाही, आणि जेवढा विरघळतो तेवढा बेसचं काम करून भलतीकडेच हायड्रोजन ओढतो. इथे कॅटॅलिस्ट लागतो. कॅटॅलिस्ट अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी कमी करतो, हे आपण व्हायव्हात सांगतो. पण कमी करतो म्हणजे नेमकं काय करतो?

पॅलेडियमचं उदाहरण घेऊ. पॅलेडियमचा अणू एका हाताने कार्बनवाला तुकडा धरतो, दुसऱ्या हाताने फ्लोराइड. आता दोघांची गाठ घालून दिली आणि स्वतः बाजूला झाला की काम फत्ते. पण इथेच गाडी अडायची. दोघेही पॅलेडियमला धरून बसून राहायचे, एकमेकांकडे बघायचे नाहीत. २००९ साली अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये स्टीफन बुकवाल्ड यांच्या गटाने यावर उपाय काढला. पॅलेडियमला त्यांनी एक अवाढव्य लिगंड जोडला. एस.टी.च्या तिघांच्या बाकावर दोन अबोल प्रवासी अंतर राखून बसलेत आणि तिसरा चांगला धिप्पाड, पिशव्यांसकट येऊन बसला, की पहिल्या दोघांना खांद्याला खांदा लावावाच लागतो. तसंच हे. गर्दी झाली, कार्बन आणि फ्लोरिन जवळ आले, बंध झाला, दोघे उतरले आणि बाक पुढच्या प्रवाशांसाठी मोकळा. साध्या सीझियम फ्लोराइडने काम व्हायला लागलं.

दुसरा मार्ग इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला वेरोनिक गुव्हर्नर यांच्या गटाने दाखवला, तोही धातूशिवाय. निसर्गातलं ते एन्झाइम फ्लोराइडला हायड्रोजन बाँडने अलगद धरतं. याच धर्तीवर त्यांनी युरियासारखे छोटे रेणू बनवले. हे रेणू न विरघळणाऱ्या क्षारातून फ्लोराइड उचलून द्रावकात आणतात, आणि असं धरतात की ते बिथरतही नाही आणि झोपतही नाही. शिवाय रेणूची डावी-उजवी बाजूही ठरवता येते. २०१८ साली हे काम प्रसिद्ध झालं.

हे सगळं झटपट का व्हायला हवं, याचं एक कारण सांगते. पेट स्कॅनसाठी वापरतात त्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य साधारण ११० मिनिटं आहे. सायक्लोट्रॉनमधून बाहेर आल्यापासून घड्याळ सुरू. रिअ‍ॅक्शन करा, शुद्ध करा, तपासा, पेशंटपर्यंत पोचवा. आपल्या प्रॅक्टिकलच्या तीन तासांच्या स्लॉटमध्ये तर दोन तृतीयांश माल संपलेला असेल!

माझे आठ आठवडे

हे सगळं मी पुस्तकात वाचलं असतं तर परीक्षेनंतर विसरले असते. पण एस.ई.च्या सुट्टीत मला एका संशोधन संस्थेत आठ आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. तिथे पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला असलेल्या एका ताईच्या हाताखाली मी काम केलं. तिचं काम वर सांगितलेल्या पॅलेडियमच्याच घराण्यातलं.

पीएच.डी. म्हणजे पांढरा कोट घालून 'युरेका' ओरडणं, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात मी फक्त भांडी धुतली आणि ओव्हनमध्ये वाळवली. दुसऱ्या आठवड्यात कळलं की एका रिअ‍ॅक्शनचे निदान सात घटक बदलता येतात: धातू, लिगंड, फ्लोराइड, द्रावक, तापमान, वेळ आणि प्रमाण. ताई एक बदलायची, बाकीचे तसेच ठेवायची, आणि संध्याकाळी नमुना फ्लोरिन एन.एम.आर.ला द्यायची. निसर्गातलं सगळं फ्लोरिन एकाच प्रकारचं, १९ वजनाचं, आणि एन.एम.आर. यंत्राला ते स्वच्छ दिसतं. आमचा कच्चा माल उणे ७३ पी.पी.एम.ला दिसायचा आणि पक्का माल उणे ११५ च्या आसपास. रोज संध्याकाळी आम्ही दोघी स्क्रीनसमोर उणे ११५ कडे डोळे लावून बसायचो, जशी मुलं निकालाच्या बोर्डासमोर उभी राहतात.

आता दुसरी कबुली, आणि ही सोपी नाही. सीझियम फ्लोराइड हवेतलं पाणी भराभर शोषतं, म्हणून ते ग्लोव्ह बॉक्समध्येच वजन करायचं, असा ताईचा नियम होता. बॉक्समध्ये सामान आत घालायचं म्हणजे तीन वेळा हवा काढा, तीन वेळा आर्गॉन भरा, अर्धा तास सहज जातो. जूनमधली ती संध्याकाळ, बाहेर धो धो पाऊस, आणि माझी बस चुकणार होती. मी पुढच्या आठवड्याच्या आठ बाटल्या बाहेरच्या काट्यावर भरल्या, झाकणं लावली आणि गुपचूप जागेवर ठेवून दिल्या. पूड जरा चिकट वाटली होती. मी दुर्लक्ष केलं.

सोमवारपासून ताईच्या रिअ‍ॅक्शन बंद पडल्या. उणे ११५ ला सपाट रेघ. कच्चा माल तर संपत होता, पण तयार होत होतं भलतंच, फ्लोरिनच्या जागी पाण्यातला ऑक्सिजन लागलेलं फिनॉल. ताईने पॅलेडियमची बाटली बदलली. लिगंड नवा काढला. टोल्युइन पुन्हा डिस्टिल केलं. चार दिवस ती रात्री नऊपर्यंत थांबायची, आणि चारही दिवस मी तिच्या शेजारी उभी राहून "काय झालं असेल गं?" असं विचारत होते. मला मंगळवारीच कळलं होतं काय झालं ते.

शुक्रवारी सकाळी मी तिला सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल, सरांकडे नेईल. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "रिअ‍ॅक्शन फसली तर शोधता येतं गं. माणूस गप्प बसला तर कुठे शोधायचं?" आणि नोटबुक माझ्यापुढे सरकवली. "लिही. तुझ्या अक्षरात, तारखेसकट."

मी लिहिलं. त्या रात्री सीझियम फ्लोराइड व्हॅक्यूममध्ये तापवून वाळवलं, दुसऱ्या दिवशी बॉक्समध्ये वजन केलं आणि संध्याकाळी उणे ११५ ला टोक उभं राहिलं. गोष्ट इथे संपली असती. पण ताई म्हणाली, "आता चूक मुद्दाम कर." पुढचा आठवडा मी मोजून पाणी घातलं, आधी थोडं, मग दुप्पट, मग पाचपट, आणि किती पाण्यापर्यंत रिअ‍ॅक्शन तग धरते त्याचं टेबल बनवलं. ते टेबल तिच्या थिसिसमध्ये जाणार आहे. म्वासाँ यांचा द्रव जरा जास्तच शुद्ध होता, माझा क्षार पुरेसा कोरडा नव्हता, पण फसण्याचं कारण शोधून लिहून ठेवणं हे काम दोन्हीकडे सारखंच आहे. (माझं नाव त्यांच्या शेजारी घेतल्याबद्दल क्षमस्व!) खरं सांगायचं तर मला पीएच.डी. करायची इच्छा त्या टोकामुळे झाली नाही, त्या नोटबुकच्या पानामुळे झाली.

मग बॉल मिल कुठून आली?

आपल्या मेकॅनिकल ऑपरेशन्सच्या लॅबमधली बॉल मिल सगळ्यांना माहीत आहे. क्रिटिकल स्पीड, रिटिंजर, किक, बाँड, आणि कानठळ्या. मला ते सर्वांत कंटाळवाणं प्रॅक्टिकल वाटायचं.

आता बघा. जगातलं जवळजवळ सगळं फ्लोरिन-रसायन फ्लोरस्पार म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड या खनिजापासून सुरू होतं. आपल्या शेजारी गुजरातमध्ये आंबाडुंगर-कडीपानी भागात त्याचा साठा आहे. हे खनिज इतकं घट्ट की पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून कारखान्यात त्याला तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिडबरोबर फिरत्या भट्टीत २०० अंशांच्या वर तापवतात आणि हायड्रोजन फ्लोराइड काढतात, तेच ज्याने इतके बळी घेतले. २०१२ साली दक्षिण कोरियात गुमी इथे त्याची गळती झाली आणि पाच कामगार मरण पावले.

२०२३ मध्ये ऑक्सफर्डच्या त्याच गटाने वेगळीच वाट दाखवली. फ्लोरस्पार आणि पोटॅशियमचा एक फॉस्फेट क्षार कोरडेच एकत्र घेतले आणि गोळा घातलेल्या डब्यात जोरात हलवून दळले. अ‍ॅसिड नाही, हायड्रोजन फ्लोराइड नाही. फॉस्फेटला कॅल्शियमचं आकर्षण जबर, ते त्याला आपल्याकडे ओढतं, आणि फ्लोराइड कामाला मोकळं होतं. त्या पुडीपासून त्यांनी पन्नासच्या आसपास फ्लोरिनवाली संयुगं बनवली. ही कल्पना त्यांना कुठून सुचली? शरीरात दात आणि हाडं तयार होताना कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र येतात, त्यावरून!

हे वाचलं तेव्हा मी रात्री एक वाजता बेडवर उठून बसले. कॅल्शियम, फॉस्फेट, फ्लोराइड. मामाच्या दातांतले तेच तीन खेळाडू. तिथे फ्लोराइड आत शिरून बसलं होतं, इथे त्याच खेळाच्या नियमाने त्याला बाहेर काढलं.

दुसरी बाजू

फ्लोरिनची फक्त आरती ओवाळणं बरोबर नाही. जो बंध तुटत नाही म्हणून औषधाला आणि तव्याला उपयोगी पडतो, तो नदीत गेल्यावरही तुटत नाही. पीफास नावाची हजारो संयुगं पाण्यात, मातीत आणि माणसांच्या रक्तातही सापडली आहेत. त्यांतल्या पीफॉसवर २००९ मध्ये आणि पीफोआवर २०१९ मध्ये स्टॉकहोम करारानुसार बंधनं आली. म्हणजे आमच्या आधीच्या पिढीने हा बंध बनवायला शिकवलं, आता मोडायला शिकायचं आहे. २०२२ साली अमेरिकेत विल्यम डिक्टेल यांच्या गटाने दाखवलं की यातली काही संयुगं साध्या कॉस्टिक सोड्याने, योग्य द्रावकात, १०० अंशांच्या आसपास मोडता येतात. आणि २०२५ मध्ये ऑक्सफर्डवाल्यांनी पीफासही फॉस्फेटबरोबर बॉल मिलमध्ये दळलं आणि त्यातलं फ्लोराइड परत वापरण्याजोगं करून दाखवलं. पुन्हा बॉल मिल! सर, त्या जर्नलसाठी मी मनापासून माफी मागते.

ज्यांना या वाटेने यायचं आहे त्यांच्यासाठी

बी.ई. करून केमिस्ट्रीत पीएच.डी. करता येते का, असं ज्युनिअर्स विचारतात. येते. गेटला केमिकल इंजिनिअरिंगचा पेपर आहे तसा केमिस्ट्रीचाही आहे. सी.एस.आय.आर.-नेटची दारंही बी.ई.वाल्यांना बंद नाहीत. महाराष्ट्रातच पुण्याची एन.सी.एल., मुंबईची आय.सी.टी. म्हणजे जुनी यू.डी.सी.टी., आयसर पुणे आणि आय.आय.टी. मुंबई आहेत. प्रवेशाचे नियम जागोजागी वेगळे, ते नीट वाचा. जे.आर.एफ.ची फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. आय.टी.तल्या मित्राच्या पॅकेजशी तुलना केली तर रडू येईल, पण मेसचं बिल नक्की भागतं. ऑक्सफर्डला पीएच.डी.ला डी.फिल. म्हणतात, साधारण तीन-चार वर्षांची. परदेशी अर्ज करताना आधी गाइडचे पेपर वाचा, आणि जमलं तर त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोला. गाइड निवडणं हे विषय निवडण्याइतकंच महत्त्वाचं, हा ताईचा सल्ला. आणि कुठल्याही फ्लोरिनच्या लॅबमध्ये पाय ठेवताना पहिला प्रश्न विचारा: कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल कुठे ठेवली आहे? हायड्रोजन फ्लोराइड अंगावर पडलं तर भरपूर पाण्याने धुवून लगेच तीच लावतात आणि तसंच दवाखान्यात नेतात. जेल कुठे आहे हे कुणालाच माहीत नसेल तर ती लॅब आपली नाही.

घरी मात्र अजून तह झालेला नाही. बाबा म्हणतात, "आणखी पाच वर्षं शिकणार? मग कमावणार कधी?" प्रश्न चुकीचा नाही, त्यांनी माझ्या फीसाठी लोन काढलं आहे. आम्ही ठरवलंय की मी गेटही देणार आणि कॅम्पसलाही बसणार. निकाल लागल्यावर बघू. पण इंटरव्ह्यूमध्ये 'तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती' असं विचारलं तर माझं उत्तर तयार आहे, तारखेसकट.

दिवाळीत आजोळी गेले तेव्हा मामाला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे तू आमच्या पाण्यावर काम करणार का?" मी खोटं बोलले नाही. म्हटलं, नाही मामा, पाण्यातून फ्लोराइड काढायची रीत नागपूरच्या नीरीने केव्हाच शोधली आहे, तुरटी आणि चुन्याची, नालगोंडा पद्धत म्हणतात. ती गावोगावी नीट चालवणं हे वेगळं काम आहे, तेही कुणीतरी करायला हवं. माझं काम वेगळं. मग दुसरीत असताना जे बोलले होते त्याबद्दल त्याची माफी मागितली. त्याला ते आठवतही नव्हतं. तो हसला, नेहमीसारखाच, तोंडावर हात धरून.

लेख लांबला. या विषयात कुणाला खरंच रस असेल तर गर्ल्स हॉस्टेलच्या कॅन्टीनमध्ये रात्री नऊनंतर मी सापडते. चहा तुमचा, फ्लोरिन माझं. आणि बॉल मिलचं जर्नल कॉपी करायला मागू नका, या वेळी मी ते स्वतः लिहिते आहे.